हलब्जाची तळघरं

१६ मार्च १९८८, बुधवार. इराकच्या ईशान्येला, इराणच्या सरहद्दीपासून पंधराएक किलोमीटरवर वसलेलं हलब्जा. वस्ती कुर्दांची. त्यांचं नवं वर्ष, नवरोझ, चार-पाच दिवसांवर आलेलं. इराणी फौज आणि पेशमर्गा, म्हणजे कुर्दी लढवय्ये, नुकतेच गावात शिरले होते. आता सद्दाम हुसेनची विमानं येणार, हे लोक धरूनच चालले होते.

विमानं आली. आधी नेहमीचे बॉम्ब पडले. काचा फुटल्या, दारं निखळली, माणसं मुलाबाळांना घेऊन तळघरात उतरली. इराण-इराक युद्धाचं हे आठवं वर्ष. बॉम्ब पडायला लागले की खाली जायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक झालेलं.

मग वेगळे बॉम्ब पडू लागले. वाचलेले लोक सांगतात, त्यांचा आवाज दबका होता. नंतर वास आला. कुणाला सफरचंदासारखा गोड, कुणाला लसणासारखा उग्र. मस्टर्ड गॅस, आणि त्याच्यासोबत सरीनसारखी मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं. हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरली आणि जिने उतरून थेट तळघरात गेली. अडवायला खिडक्यांना काचाही उरल्या नव्हत्या. हा क्रम ठरवूनच केलेला होता, असं मानायला भरपूर जागा आहे.

मृतांचा आकडा साधारण ५,००० सांगितला जातो.

सरीन शरीरात नेमकं काय करतं? स्नायू आखडल्यावर त्याला सैल सोडणारं एक विकर असतं, तेच सरीन बंद पाडतं. तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वासाचे स्नायू थांबतात. यवतमाळच्या डॉक्टरांना ही लक्षणं नवी नाहीत. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी तिथल्या रुग्णालयांत भरती झाले, तेव्हा ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचं नाव पुढे आलं. सरीन त्याच कुळातलं, फक्त कितीतरी पटींनी जहाल. अशा विषबाधेवर दोन्हीकडे देतात ते इंजेक्शनही एकच: अॅट्रोपिन.

म्हणूनच हे हत्यार लपवणं सोपं जातं. इराकचा मुख्य कारखाना समाराजवळ मुथन्नाला होता, पण कागदोपत्री ती ‘कीटकनाशक उत्पादन करणारी सरकारी संस्था’ होती. कच्चा माल परदेशातून रीतसर बिलं फाडून यायचा. मस्टर्ड गॅससाठी लागतं थायोडायग्लायकॉल, जे कापडाच्या रंगात आणि बॉलपेनच्या शाईतही चालतं. फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्यानं ते हजार टनांहून अधिक पुरवलं. इतकी शाई कोणता देश वापरतो, असं कुणालाच विचारावंसं वाटलं नाही? २००५ मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयानं त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल दोषी ठरवलं. हल्ल्याचा सूत्रधार अली हसन अल-मजीद, ‘केमिकल अली’, २०१० मध्ये फासावर गेला.

आता जगाचं काय? विषारी वायूंच्या वापरावर बंदी घालणारा जिनिव्हा करार १९२५ चा. इराकनंही तो मान्य केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४ मध्येच इराणच्या रणभूमीवर मस्टर्ड गॅस आणि टाबून हे सरीनच्याच कुळातलं विष सापडल्याचं लिहून दिलं होतं. १९८७ च्या जूनमध्ये इराणच्या सरदश्त शहरावर, भर वस्तीत, मस्टर्ड गॅसचे बॉम्ब पडले. तरीही सगळे गप्प, कारण तेव्हा बहुतेकांना इराणपेक्षा सद्दाम परवडत होता. हलब्जानंतरही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं दोष इराणचाही असू शकतो, असा सूर लावला.

रासायनिक अस्त्रांवरचा नवा, कडक करार १९९७ मध्ये लागू झाला. साठे जाहीर करायचे, नष्ट करायचे, कारखाने तपासू द्यायचे. थायोडायग्लायकॉलचाही आता हिशेब द्यावा लागतो. भारतानं त्याच वर्षी आपल्याकडे साठा असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत तो संपवला. कराराचा उपयोग होतो, तो असा.

पण सीरिया पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ घूतामध्ये सरीन वापरलं गेलं. दडपण आल्यावर सीरियानं करारावर सही केली, साठा बाहेर काढून दिला. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन. संयुक्त राष्ट्रं आणि रासायनिक अस्त्रबंदी संघटना यांच्या संयुक्त तपास पथकानं या वेळी जबाबदार म्हणून सीरियाच्या सरकारचं नाव घेतलं. त्या पथकाला मुदतवाढ देण्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा रशियानं नकाराधिकार वापरला, आणि नोव्हेंबरमध्ये पथकाचं काम थांबलं.