‘पी’ गैरहजर

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यात गेली 28 वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आज बोलायचंय ते जुन्या ऑटोमॅटिक गाडीतल्या अक्षरांबद्दल. पी, आर, एन, डी. म्हणजे पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की डॅशबोर्डवरचं एखादं अक्षर पेटेनासं होतं. कधी दोन एकदम पेटतात, तर कधी गिअरचा दांडा डीवर आणि दिवा एनवर. मग कुणीतरी हमखास सांगतं, गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी एका बाईंची गोष्ट ऐका.

पाचगणीला राहणाऱ्या या बाई चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं, म्हणून त्यांनी वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. पहिली दोन वर्षं गाडी सुरेख चालली. तिसऱ्या पावसाळ्यात डॅशबोर्डवरचा पी दिसेनासा झाला, आणि ज्या दिवशी पी दिसायचा नाही त्या दिवशी पीमध्ये सेल्फही लागायचा नाही. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला दिला. बाईंची झोप उडाली.

त्यांचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, “बाई, दांडा एनमध्ये घालून चावी फिरवून बघितलीत का?”

“रोज तेच करते,” बाई म्हणाल्या. “एनमध्ये चालू होते. सगळं लिहून ठेवलंय मी.”

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढून गेलो. धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. बाईंनी चहा ठेवला आणि समोर एक लांबट वही आणून ठेवली. मी उघडली. आत हजेरीपट होता! पट्टीने आखलेले रकाने, डावीकडे तारखा, वर ओळीने पी, आर, एन, डी आणि पुढचे दोन, एल, म्हणजे खालचे गिअर. दिवा लागला तर निळी तिरपी रेघ. नाही लागला तर लाल शाईत ‘गै’, म्हणजे गैरहजर. शेवटी दोन रकाने, हवामान आणि शेरा. 19 दिवसांची नोंद, एकही दिवस सुटलेला नाही.

मी बोट ठेवून मोजलं. एन 19 दिवस हजर. डी हजर. पी मात्र 8 दिवस गैरहजर. त्यातल्या 7 दिवसांपुढे हवामानात ‘पाऊस’ लिहिलेलं. आठव्या दिवशी ऊन. मला वाटलं, इथे हिशोब चुकला. मग शेऱ्याचा रकाना बघितला. बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘काल गाडी धुऊन आणली. बॉनेट उघडून आतही फवारा मारला.’

श्रोतेहो, माझं निदान तिथेच झालं, बॉनेट न उघडता. पाणी! पाणी आत जातंय. हल्ली शाळांचे हजेरीपट मोबाइलवर गेलेत, मला ते पटत नाही. हाताने लिहिलेलं माणूस पुन्हा वाचतो. बाईंनी ते मोबाइलवर टिपलं असतं तर ‘पाऊस’ आणि ‘गै’ एका ओळीत शेजारी शेजारी आले नसते. आणि एक सांगतो, जुन्या गाडीच्या इंजिनवर जोराचा फवारा मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा.

हवेचा फिल्टर काढला, बॅटरी काढली. खाली गिअरबॉक्सच्या कुशीला एक स्विच असतो, तळहातात मावेल एवढा. आम्ही त्याला न्यूट्रल स्विच म्हणतो. त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, ओढला तर आतून पाण्याचे थेंब गळले. पिनांवर हिरवा कळंक. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तोच हिरवा रंग. कपलरचं रबर फाटलेलं. पिना साफ केल्या, बाईंनी केस वाळवायचा ड्रायर दिला त्याने सुकवल्या, रबर नवं घातलं. बॅटरी परत जोडून दांडा फिरवला. सगळी अक्षरं आली. पण पीवर दांडा जरा हलवला की दिवा फडफडायचा. बघतो तर स्विचचे दोन्ही बोल्ट सैल, स्विच केसभर फिरलेला. दांडा एनमध्ये ठेवला, स्विच खुणेवर आणला, 10 नंबरच्या पान्याने बोल्ट आवळले. पी स्थिर झाला. बाईंनी वही घेतली, तारीख घातली आणि उभ्या उभ्याच पीखाली निळी रेघ ओढली.

आता हे चालतं कसं, ते थोडक्यात. मिक्सरचं फिरतं बटण तुम्ही रोज वापरता. आत पितळी पट्ट्या असतात, बटण फिरलं की एक सुटते, दुसरी लागते. न्यूट्रल स्विच तसाच. आणि हा एकच स्विच तीन कामं करतो. डॅशबोर्डवरचं अक्षर लावतो, आरमध्ये मागचा पांढरा दिवा लावतो, आणि पी किंवा एन असेल तरच सेल्फ लागू देतो. हा मुद्दाम ठेवलेला बंदोबस्त आहे. पूर्वी काही अमेरिकी गाड्यांत आर अगदी शेवटी, एलला खेटून असे. तिकडे 1968 पासून नियमच आला की आर आणि डीच्या मध्ये एन हवा, आणि गाडी चालत्या गिअरमध्ये चालू होता कामा नये.

म्हणून अक्षर बिघडलं की दोन गोष्टी तपासा. सेल्फ आणि पांढरा दिवा. पुन्हा सांगतो, सेल्फ आणि पांढरा दिवा. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, गाडीपुढे-मागे कुणी नाही. पीमध्ये चालू होते का? एनमध्ये? आरमध्ये मागचा दिवा लागतो का? दोन्ही ठीक असेल आणि अक्षर तेवढं अंधारात, तर बहुधा डॅशबोर्डमधला बल्ब गेलाय किंवा टाका सुटलाय. अक्षरही नाही, पांढरा दिवाही नाही, तर आधी फ्यूज बघा. पीमध्ये नाही पण एनमध्ये चालू होते, तर स्विच, कपलर किंवा दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल. दांडा आणि अक्षर एका घराने चुकत असेल, तर केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश झिजलाय का ते बघा. बुश स्वस्त असतो, पण त्याच्यामुळे दांडा पीवर दिसतो आणि गाडी पीमध्ये नसते. उतारावर ती निघून जाईल. त्यामुळे हँडब्रेक आधी, पी नंतर. आणि आर किंवा डीमध्ये सेल्फ लागत असेल, तर त्या दिवसापासून गाडी रस्त्यावर काढू नका, आधी काम करून घ्या.

बाईंनी ऑक्टोबरमध्ये वहीची पानं मला पाठवली. तोवर पाऊस पडतच होता. लाल शाई कुठेच नव्हती. ती पानं माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर लावली आहेत, आणि कामाला नवीन मुलगा आला की पान्याच्या आधी मी त्याला तिथे उभा करतो.

नमस्कार.