पश्चिमेची भिंत आणि रोंशाँचा उजेड
(सोलापुरात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सोलापुरात उजेडाचं कौतुक सांगायला उभं राहायचं म्हणजे धाडसच. मार्च उलटला की सकाळी दहालाच पडदे ओढणारी माणसं आपण. पण म्हणूनच वास्तुकार ल कॉर्बुझिएनं रोंशाँ या गावी बांधलेल्या चर्चबद्दल मला इथं बोलायचं होतं. त्या चर्चमध्ये उजेड फार नाही. अंधारच जास्त आहे, आणि तो ठरवून केलेला आहे.

पूर्व फ्रान्समधल्या रोंशाँच्या टेकडीवरचं आधीचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, १९४४ च्या लढाईत पडलं. नवं १९५५ मध्ये उभं राहिलं. पडक्या चॅपलचे दगड भिंतींत भरले आणि वर काँक्रीटचं छप्पर घातलं. जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचे दोन थर, मध्ये दोन मीटरहून जास्त पोकळी. बाहेरून ते इतकं अवजड दिसतं की खाली उभं राहायला भीती वाटावी. आत जाऊन वर बघा, छप्पर भिंतीवर टेकलेलंच नाही! भिंतीत लपवलेल्या खांबांनी ते पेललंय आणि मध्ये दहा सेंटिमीटरची फट सोडलीय. तिच्यातून उजेडाची एक रेघ येते, आणि एवढं मोठं वजन डोळ्यांपुरतं हलकं होतं.

खरी करामत दक्षिणेच्या भिंतीत. पायथ्याशी काही ठिकाणी ती तीन मीटरहून जाड आहे. खिडक्या लहानमोठ्या, कशाही विखुरल्यासारख्या. काही बाहेरून नुसती बोळकी वाटतात आणि आत रुंदावत जातात. ऊन आधी त्या खोल खिडकीच्या पांढऱ्या बगलांवर आपटतं, तिथं मवाळ होतं, मग आत येतं.

आपल्या माळवदाच्या घरांना हे नवं नव्हतं. मातीच्या जाड भिंती, खिडक्या मोजक्या आणि धाब्याला ठेवलेलं सवणं, म्हणजे सपाट छपरातलं उजेडाचं भोक. आजी गहू निवडायला नेमकी त्या कवडशाशी सूप घेऊन बसायची. कापड गिरण्यांचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर वेगळ्या कामाचं. तिथं तुटलेला धागा दिसायला हवा, म्हणून उत्तरेच्या काचांतून सगळीकडे सारखा उजेड. रोंशाँमध्ये असं केलं असतं तर चर्चचं गोदाम झालं असतं.

आता तुमच्या ड्रॉइंगच्या शीटवर येतो. रोंशाँ म्हणून भिंतीला वेडीवाकडी चौकोनी भोकं पाडलेली मी दरवर्षी बघतो. नऊ इंची भिंत, त्यातून ऊन सरळ टेबलावर! शिवाय तिथं दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला. आपल्याकडे मेच्या मध्याला तो डोक्यावर येतो आणि जुलै संपेपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला असतो. भर उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही, भाजून काढते ती पश्चिमेची. म्हणून रोंशाँची पश्चिमेची भिंतही बघा. तिला एकही खिडकी नाही.

कोणी म्हणेल, एवढी जाड भिंत आज बांधणार कोण? अहो, ती दक्षिणेची भिंत तरी कुठं भरीव आहे? काँक्रीटचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर फवारलेलं सिमेंट, आत पोकळ. तुम्ही पश्चिमेला जिना घ्या, न्हाणीघर घ्या, भिंतभर कपाटं घ्या. दोन-अडीच फुटांची जाडी तिथंच मिळते, आणि क्लायंटला त्याचे वेगळे पैसेही मोजावे लागत नाहीत.