फाटकाची किल्ली

(दृश्य : लोखंडी फाटक, त्यावर कुलूप. आत झाडांची सावली. आवाज फक्त रस्त्यावरच्या रिक्षांचा.)

दुपारचा एक वाजलाय. महिना मे. गाव धुळे.

हे एका सार्वजनिक बागेचं फाटक. शेजारी पाटी आहे : सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. कुलपाला हात लावून बघितला, चटका बसला. फाटकाच्या आत, पंधरा-वीस पावलांवर, निंबाची जुनी झाडं आहेत. खाली दाट सावली पडलीय आणि त्या सावलीत एकही माणूस नाही.

फाटकाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला एक मावशी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसल्यात. जुड्यांवर ओलं गोणपाट, स्वतःच्या डोक्यावर नुसता पदर. थोड्या थोड्या वेळाने त्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतात आणि गोणपाटावर शिंपडतात. मी म्हटलं, मावशी, थोडं तोंडावरही मारा. तर म्हणाल्या, "जुडी सुकी गई ते कोन लेई भाऊ?"

(दृश्य : गोणपाटावर पडणारं पाणी, जवळून.)

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पूर येतो, आग येते, भूकंप येतो. खान्देशात सगळ्यात नेमाने येणारी आपत्ती मात्र ऊन आहे. ते अचानक येत नाही. होळी झाली की त्याची चाहूल लागते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते ऐन भरात असतं. हवामान खात्याचा हिशेब असा, की सपाट प्रदेशात पारा 40 अंशांवर गेला आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, तर ती उष्णतेची लाट. 45 अंशांना तर सरासरी बघायचीही गरज नाही.

पेपरात रोज येणारा हा आकडा सावलीतला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. हवा खेळेल, पण ऊन लागणार नाही अशी ती पेटी. म्हणजे "धुळे 43 अंश" असं आपण वाचतो, तेव्हा ते 43 त्या पेटीतले. डांबरावर बसलेल्या मावशींच्या वाट्याला आलेलं ऊन कोणत्याच आकड्यात नाही.

(दृश्य : बसस्थानकाबाहेरची पाणपोई, ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण.)

2010 च्या मे महिन्यात अहमदाबादला असंच ऊन पडलं होतं. नंतर अभ्यासकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. त्या धक्क्यातून 2013 साली अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा केला. इशारा कोणी द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणी कुठे मिळेल, दुपारी लोकांनी थंडाव्याला कुठे बसायचं, हे सगळं उन्हाळ्याआधी ठरवून ठेवलेलं. त्यात देवळं आणि सार्वजनिक इमारतीही आल्या. मला त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. माणसाला आधी बसायला जागा पाहिजे.

ऊन लागलं म्हणजे काय होतं, तेही समजून घेऊ. घाम येतो, तो वाळतो आणि अंग गार राहतं. पाणी कमी पडलं, ऊन फार झालं, की ही सोय कोलमडते. अंग तापतं, डोकं दुखतं, मळमळतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर थांबायचं नाही, तो उष्माघात समजायचा. घाम थांबला नसला तरी. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने गार करत राहा. 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो.

आणि या सगळ्यात पहिलं काय? सावलीत न्या. ती सावली कुलपाआड असेल, तर न्यायचं कुठे?

(दृश्य : निंबाची पानं, खालून वर बघताना.)

निंब हे आपल्या मुलखाचं झाड. पाडव्याला त्याची कोवळी पानं आपण चावून खातो, कारण चैत्रात त्याला नवी पालवी फुटते. म्हणून वैशाखात, बाकीची बरीच झाडं उघडी पडलेली असताना, निंबाखाली सावली गच्च असते. गुलमोहर फुलला की डोळे निवतात, पण तेव्हा त्याच्यावर पानं जेमतेम असतात. आणि शोभेचे बॉटल पाम? त्यांच्या बुंध्याएवढीच त्यांची सावली. नव्या बागांमध्ये पाम लावलेले आणि पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्यापर्यंत भिडवलेले दिसले, की जीव तुटतो. झाडाला आळं पाहिजे. पाणी मुरायला माती उघडी पाहिजे.

आमच्याकडे आखाजीला माहेरवाशिणी येतात आणि झोके बांधतात. झोक्याला फांदी लागते ती निंबाची, जाड, आडवी, दोन बायांचं वजन पेलणारी. अशी फांदी व्हायला कितीतरी वर्षं जातात. त्याच दिवशी घरात पितरांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. भर उन्हात पाणी आणि सावली यांचाच हा सण आहे. आज माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत झोका गच्चीतल्या लोखंडी कड्यांना बांधला जातो.

(दृश्य : पांझरेचं कोरडं पात्र. मग जुलैतलं गढूळ पाणी.)

धुळ्याला दुसरी आपत्ती येते ती पांझरेतून. साक्री तालुक्यातल्या डोंगरांत उगवणारी ही नदी शहराच्या मधून जाते. इकडे जुनं धुळे, तिकडे देवपूर, काठावर एकवीरादेवीचं देऊळ. उन्हाळ्यात पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात वरची धरणं भरली, अक्कलपाड्याचे दरवाजे उघडले, की तीच नदी दुथडी भरून येते. 1819 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि आखीव गल्ल्यांची पेठ वसवली. आजही आपण पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असंच म्हणतो. त्याच शहराची 1872 च्या पुराने मोठी हानी केली. गल्ल्यांना नंबर दिले, तरी नदी नंबर विचारून येत नाही.

काठावर काय असावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. तिथे झाडं असावीत, मोकळं मैदान असावं. एक दिवस पाण्याखाली गेलं तरी दुसऱ्या दिवशी गाळ धुऊन पुन्हा वापरता येईल असं काहीतरी. घर पाण्याखाली गेलं तर संसार जातो. मैदानाचं काय जातं? एक संध्याकाळ.

(दृश्य : दगडी बंधारा, पाटातून वाहणारं पाणी, उसाचं शिवार.)

याच पांझरेवर आपल्या पूर्वजांनी फडपद्धत चालवली. शेकडो वर्षांची. नदीला आडवा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या शिवाराचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, दोघांनाही शेतकऱ्यांनीच नेमलेलं. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते टंचाईचं गणित. पाणी कमी असलं तर किती फड भिजवायचे आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून आधी ठरवायचं. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून तोटा एकाच्याच डोक्यावर पडत नाही. पाणी आटल्यावर भांडत बसायची वेळ येऊ दिलेली नाही.

आपत्कालीन आराखडा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

साक्रीकडेच बारीपाडा आहे. तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी स्वतःच नियम करून, दंड ठरवून, पाळीने पहारा देऊन सुमारे 1,100 एकर जंगल राखलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. जंगल कोणाचं, हा प्रश्न त्यांनी कागदावर सुटायची वाट बघितली नाही. राखायला लागले.

(दृश्य : गल्लीतली पिठाची गिरणी. भिंतीवर खडूने लिहिलेली यादी.)

आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जण गिरणीत बसलो. वहीचं एक पान घेतलं. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं. कोणाच्या हातपंपाला मे महिन्यातही पाणी असतं. कोणाची गाडी रात्रीबेरात्री निघू शकते. पुराचा निरोप आला तर खालच्या बोळात दार वाजवायला कोण जाईल, कारण भोंग्याची गाडी त्या बोळात शिरत नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, तो मोठ्या अक्षरात. शेवटची ओळ लिहिताना सगळे गप्प झाले : दुपारी बागेची किल्ली कोणाकडे?

कोणालाच माहीत नव्हतं.

आम्ही अर्ज दिला. मागणी एवढीच, की चैत्र ते ज्येष्ठ फाटक दुपारी उघडं ठेवा. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण बागेच्या राखणदारदादांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं. म्हणाले, मोठं फाटक माझ्या हातात नाही, मागच्या बाजूला छोटं दार आहे, मी तिथेच बसलेला असतो.

(दृश्य : छोटं दार. आत निंबाखाली माणसं. कॅमेरा स्थिर.)

ही आजची दुपार. निंबाखाली मी मोजली, अकरा माणसं. दोन रिक्षावाले, एक कुरियरवाला पोरगा बॅग उशाशी घेऊन, एक आजोबा, बांधकामावरच्या तीन बाया आणि त्यांची चार लेकरं. मावशी बारावी. त्यांनी गोणपाट सावलीत पसरलंय, जुड्या त्यावर. बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी या वेळी स्वतःच्या तोंडावर मारलं.