ग्रॅम कुठे खर्च करायचे? : डिस्क ब्रेकची रोड सायकल जोडताना

मित्रमैत्रिणींनो, नवी रोड सायकल जोडायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळी मिळून किती किलोची होईल? मग फ्रेम इतकी, चाकं इतकी, हँडल इतकं अशी कागदावर बेरीज सुरू होते. ही बेरीज करायलाच हवी, मीही करतो. पण वाढलेले शंभर ग्रॅम टायरमध्ये आहेत, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या चिमट्यात) आहेत की क्रँकमध्ये (पेडलच्या दांड्यांत), हे त्या बेरजेत दिसत नाही. आणि दोनशे किलोमीटरनंतर तुमचे हात, मान आणि कंबर कुठल्या अवस्थेत असतील, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

शर्यतीच्या सायकलीचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी असू नये, हा यूसीआयचा, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेचा, नियम 2000 सालचा. तिथपर्यंत पोचण्याच्या धडपडीत आपल्यासारख्या हौशी लोकांनाही हलकेपणाचं वेड लागलं. मग डिस्क ब्रेक आले, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या चकतीला पकडणारे ब्रेक. व्यावसायिक शर्यतींत 2015 मध्ये त्यांची चाचणी सुरू झाली, 2016 च्या पॅरिस-रुबे शर्यतीनंतर ती थांबवली गेली आणि 2018 च्या जुलैमध्ये त्यांना कायमची परवानगी मिळाली. डिस्क, कॅलिपर (ब्रेकचा चिमटा), तेलाच्या नळ्या, जाड एक्सल (चाकाचा आस) आणि दणकट फोर्क धरला, तर त्याच दर्जाच्या रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाची बाहेरची कड पकडणाऱ्या जुन्या ब्रेकच्या, सायकलीपेक्षा साधारण अर्धा किलो जास्त होतो, असं समजून चाला.

आता हा अर्धा किलो किती जाणवतो ते पाहू. तुम्ही, सायकल, पाणी आणि सामान मिळून 85 किलो. सिंहगडाच्या रस्त्यासारखा 600 मीटर उंचीचा चढ, आणि पायांतून सलग 180 वॅट. नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे 46 मिनिटं लागतात. अर्धा किलो वाढवला की त्यात 16 सेकंद वाढतात. जो शर्यतीत उतरतो त्याच्यासाठी 16 सेकंद म्हणजे हार-जीत असू शकते, त्याने ग्रॅम जरूर मोजावेत. पण इथे बसलेल्या बहुतेकांचं ध्येय 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांत पुरी करणं हे आहे. अशा राईडमध्ये लोक मागे पडतात ते तळहात बधिर झाल्याने, मान आखडल्याने, दर अर्ध्या तासाने उतरून कंबर मोकळी करावी लागल्याने. एका थांब्यात पाच मिनिटं जातात. 16 सेकंदांशेजारी ती मांडून बघा.

डिस्क ब्रेकमुळे फोर्कचं काय होतं, हे जरा नीट समजून घेऊ. माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली तिथे आहे. रिम ब्रेक चाकाच्या कडेला पकडतो, म्हणून पॅडवरचा जोर जवळपास रस्त्यावरच्या जोराइतकाच असतो आणि तो फोर्कच्या माथ्याला, जिथे फोर्क सर्वांत जाड असतो तिथे जातो. खालच्या पायांना त्याचा ताण फारसा नसतो. म्हणून जुन्या स्टीलच्या फोर्कचे पाय खाली निमुळते होत पुढे वळलेले असत. रम्बलरवरून जाताना वरून पाहिलं तर त्यांची टोकं थरथरताना डोळ्यांना दिसायची. तो थरथराट तुमच्या मनगटापर्यंत पोचायच्या आत तिथेच जिरायचा.

डिस्कचा मामला वेगळा. चाकाची त्रिज्या सुमारे 340 मिलिमीटर, 160 मिलिमीटर व्यासाच्या डिस्कची 80. म्हणजे रस्त्यावर जेवढा जोर लागतो त्याच्या चौपटीहून जास्त कॅलिपरवर येतो, आणि तोही फक्त डाव्या पायावर, एक्सलच्या अगदी जवळ. तिथला पाय निमुळता ठेवला तर ब्रेक दाबताच तो वाकेल, पिळला जाईल. म्हणून डिस्कचा फोर्क खालपर्यंत जाड करावा लागतो. वजन वाढतं आणि लवचीकपणाही जातो, असा दुहेरी फटका. पुढून येणारा हादरा आता थेट हँडलवर.

याची भरपाई डिस्क ब्रेक दुसऱ्या हाताने करून देतो, आणि ती घेतली नाही तर मग डिस्क ब्रेक लावून आपण फार काही साधलं नाही. रिमवर कॅलिपरची कमान नसल्याने टायरला जागा मोकळी मिळते. रोडच्या रिम ब्रेकमध्ये बहुतेक ठिकाणी 25 किंवा फार तर 28 मिलिमीटर रुंदीचं टायर बसायचं, आता 32 सहज बसतं. या टेबलावर दोन टायर ठेवले आहेत, हातात घेऊन बघा. चांगल्या प्रतीचं 25 चं टायर 220 ग्रॅमच्या आसपास असतं, 32 चं 300 च्या. दोन्ही चाकांचे मिळून दीडेकशे ग्रॅम वाढले. आपल्या सिंहगडाच्या हिशेबात ते पाच सेकंद होतात.

त्या बदल्यात मिळतं काय? 25 च्या टायरमध्ये 90 पीएसआय हवा असेल तर त्याच्या कापडावर जेवढा ताण असतो, तेवढाच ताण 32 च्या टायरला 70 ला येतो. वजन पेलायला रुंद टायरला कमी दाब पुरतो. त्यामुळे 60-65 वर ते आरामात चालतं आणि खडबडीत डांबरावर उसळण्याऐवजी खडे पोटात घेतं. उसळी कमी म्हणजे शरीर हलण्यात जाणारी ताकदही वाचते. आपल्याकडच्या रस्त्यांवर रुंद टायर मंद असतं हा समज म्हणूनच मला पटत नाही. मात्र 32 चं टायर घ्यायचं आणि सवयीने त्यात 100 भरायची, असं कृपा करून करू नका. त्यात नुसतं वजन वाढतं. रिम हुकलेस (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय, ही मर्यादाच आहे. अंगठ्याने दाबून अंदाज बांधू नका, गेज घ्या. आतल्या ट्यूबचं वजन खटकत असेल तर टीपीयूची (पातळ, प्लास्टिकसारख्या पदार्थाची) ट्यूब घ्या. साध्या ट्यूबच्या 100 ग्रॅमच्या जागी ती 40 च्या आत येते आणि टायरने घेतलेले बरेचसे ग्रॅम परत मिळतात.

टायरनंतर माझा पैसा सीटपोस्टवर, म्हणजे सीट धरणाऱ्या नळीवर, जाईल. पत्र्याची जाडी तीच ठेवून 27.2 मिलिमीटर व्यासाऐवजी 31.6 ची नळी घेतली तर ती दीडपट कडक होते. आणि नळी जितकी बाहेर, तितकी जास्त लवते. बाहेरची लांबी एक-पंचमांशाने वाढली तर लवणं पावणेदोनपटीच्या जवळ जातं. म्हणून उतरत्या वरच्या नळीची फ्रेम आणि 27.2 ची पोस्ट, ही जोडी शोधा. फ्रेम स्टीलची की कार्बनची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. चांगली कार्बन फ्रेम किलोभराची असते, स्टीलची त्याच्या दुप्पट. हा फरक खराच आहे आणि चढावर कळतोही. पण आरामाचा प्रश्न विचाराल तर एकाच रस्त्यावर टायरमधला 20 पीएसआयचा फरक फ्रेम कशाची आहे यापेक्षा जास्त जाणवतो.

चाकांबद्दल थोडक्यात. डिस्कमध्ये ब्रेकचा पीळ हबकडून (चाकाच्या मध्याकडून) रिमकडे आऱ्यांतून जातो, म्हणून पुढच्या चाकालाही आरे एकमेकांना छेदून बांधावे लागतात. तिथे आऱ्यांची संख्या कमी करून वजन वाचवू नका. उलट रिम हलकी घेता येते, कारण ती ब्रेकने झिजत नाही. पावसाळ्यात वरंध किंवा ताम्हिणी उतरताना ज्यांनी रिमवर वाळू खरवडल्याचा आवाज ऐकला आहे, त्यांना रिम न झिजणं ही काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. फिरत्या वजनाचा बाऊही फार करू नका. वेग वाढवताना रिमवरचा ग्रॅम जवळपास दुप्पट लागतो, पण एका लयीत चढताना तो इतर ग्रॅमइतकाच. कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) 11-34 ची, म्हणजे 11 ते 34 दातांची, घ्या. जादा दात थोडं वजन वाढवतील, पण शेवटच्या चढावर गुडघे वाचवतील.

तेव्हा सायकल जोडताना क्रम उलटा लावा. आधी टायर ठरवा, मग ते मावेल अशी फ्रेम आणि फोर्क, मग चाकं, आणि उरलेल्या पैशांत हलकं हँडल नि क्रँक. फ्रेम बघायला जाताना टायर चढवलेलं चाक बरोबर न्या. कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका, कारण रुंद रिमवर 32 चं टायर 33-34 पर्यंत फुगतं. चाक फोर्कमध्ये बसवा, फिरवा आणि दोन्ही बाजूंना व वर किमान 4 मिलिमीटर मोकळे राहतात का ते मोजा. त्यापेक्षा कमी असतील तर पहिल्याच पावसात चिखल आणि बारीक खडी तिथे अडकून फोर्कचा आतला रंग खरवडायला लागेल.