साखरेच्या पोत्यावरचे नाव

अध्यक्षमहाशय, ग्रंथालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'दैनंदिन खरेदी आणि न्याय्य व्यापार' असा छापला आहे. या विषयावर बोलणारे बहुधा कॉफी, चॉकलेट आणि परदेशी कपड्यांविषयी बोलतात. मी आज एकाच जिनसेविषयी बोलणार आहे आणि ती म्हणजे साखर, कारण ती येथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात आहे आणि व्याख्यान संपल्यावर मिळणाऱ्या चहातही असणार आहे. आपल्या अध्यक्षांनी तिच्यावर पूर्वीच बहिष्कार घातला आहे, परंतु त्याचे श्रेय त्यांच्या डॉक्टरांकडे जात असल्यामुळे ते आजच्या हिशेबात धरता येणार नाही.

खरेदी आणि नीती यांचा संबंध जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर जोडला गेला तो साखरेच्याच निमित्ताने. 1791 साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पत्रक काढून वेस्ट इंडीजच्या मळ्यांतली साखर खाणे सोडा, असे आवाहन केले. त्याने चक्क हिशेब मांडला होता : आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी अथवा हत्या टळेल. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्या थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. मतदानाचा अधिकार नसलेल्या स्त्रियांना आपले मत नोंदवण्यासाठी स्वयंपाकघर मोकळे होते आणि त्यांनी ते पुरेपूर वापरले. पुढे 'ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही' अशा अर्थाचा मजकूर लिहिलेली साखरदाणी पाहुण्यांपुढे ठेवण्याची पद्धत पडली. ईस्ट इंडिया म्हणजे आपणच. ज्या हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता 1843 सालापर्यंत कायम होती, तिथली साखर इंग्लंडमधल्या सद्विवेकी कुटुंबांना निर्दोष वाटत होती. साखरदाणीवरच्या मजकुरावर विश्वास ठेवताना किती सावध राहावे लागते, ते यावरून ध्यानात यावे.

न्याय्य व्यापाराची कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असे समजण्याचे मात्र कारण नाही. नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का 1988 साली लागला. त्याच्या कितीतरी आधी, 1950-51च्या हंगामात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला होता आणि ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला होता. उत्पादकाला बाजारात बरोबरीने उभे करण्याचा याहून ठोस प्रयोग मला तरी ठाऊक नाही. परंतु ही मालकी शेताच्या बांधापाशी थांबली. ऊस लावणारा सभासद झाला, तोडणारा झाला नाही, आणि माझे आजचे सगळे म्हणणे या एका वाक्यातून निघते.

आता माझी एक जुनी तक्रार ऐकावी लागेल. आपण खातो ती साखर कोणत्या कारखान्याची आहे, हे जाणून घ्यावे अशी इच्छा मला काही वर्षांपूर्वी झाली. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांना मी विचारले, "शेठ, ही साखर कुठली?" ते म्हणाले, "काका, आपलीच." मी म्हणालो, "आपली म्हणजे कुणाची?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की उधारीची वही मागवतात की काय असे मला वाटले. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितले, "साखर ती साखर. गोड लागली नाही तर परत आणा." मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी, यांना नक्की प्रकृतीचा काही त्रास आहे, असे सौजन्यपूर्वक सुचवले. मी पोते दाखवण्याची विनंती केली, कारण कारखान्यातून निघणाऱ्या 50 किलोच्या पोत्यावर कारखान्याचे नाव, गाळपाचा हंगाम आणि साखरेची प्रत, हे सारे छापलेले असते. पण पोते कोठे होते? साखर पत्र्याच्या डब्यात ओतली गेली होती आणि पोते दुकानाच्या दारात पायपुसणे म्हणून अंथरले होते. मी आत येताना त्याच्यावरच पाय पुसले होते. ओणवा होऊन मी ते वाचू लागलो, तेव्हा हंगाम तेवढा लागला. कारखान्याचे नाव गिऱ्हाइकांच्या पायांनी केव्हाच पुसून टाकले होते. शेठजींनी चहा मागवला. मी नको म्हणालो नाही.

मग मी मॉलमध्ये गेलो, आणि तिथे चकचकीत पुड्यावर पॅकिंग करणाऱ्याचे नाव, पत्ता, तक्रारीसाठी फोन असा सगळा सरंजाम सापडला, पण ज्या कारखान्याने साखर बनवली त्याचे नाव सापडले नाही.  आंब्याच्या पेटीवर देवगड की रत्नागिरी हे पाहिल्याशिवाय पैसे न देणारे आपण, साखरेच्या बाबतीत इतके निरिच्छ कसे, हा प्रश्न मी तेव्हापासून भेटेल त्याला विचारत आलो आहे. गूळ खाणाऱ्या मित्रांनी लगेच समाधान मानू नये. गुऱ्हाळात जाणारा ऊससुद्धा कोणीतरी तोडलेलाच असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाचच मिनिटे उरली आहेत आणि ज्यासाठी आपण मला बोलावले ते सांगायचे राहिलेच आहे, तेव्हा आता वेगाने सांगतो.

बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून दर वर्षी हंगामाआधी लाखो माणसे तोडणीसाठी बाहेर पडतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईची मजुरी स्वतंत्र मोजलीच जात नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो, आजारी पडणे परवडत नाही, आणि फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, शौचालय नसते. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे आहेत. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या बिलातूनच कापला जातो, मी आणखी काय करू? दोघांचेही म्हणणे कागदावर खरे आहे, आणि म्हणूनच मालक कोणीच नाही.

आता फॉक्सच्या पद्धतीचा हिशेब करू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. एक टन उसातून साधारण 100 ते 110 किलो साखर निघते. म्हणजे दुकानात 45 रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या एका किलोत तोडणीची मजुरी साडेतीन रुपयांच्या घरात बसते. ती दीडपट केली आणि सगळा भार ग्राहकावर टाकला, तरी किलोमागे पावणेदोन रुपये वाढतील. महिन्याला चार किलो साखर लागणाऱ्या घराला सात रुपये. हे सात रुपये द्यायला येथे कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही. अडचण अशी, की ते फडापर्यंत पोहोचवणारी वाटच नाही. कॉफीच्या शिक्क्यामागे तरी किमान दर, वरचा अधिभार आणि तो घेणारी शेतकऱ्यांची संस्था असते. उसात असा अधिभार उद्या आला, तरी तो शेतकऱ्याच्या संस्थेपाशी थांबेल, कारण तोडणाऱ्याची संस्था साखळीत कोठे बसवलेलीच नाही.

म्हणून बहिष्कार नको. साखर सोडल्याने हंगाम बुडेल तो आधी त्यांचाच. त्याऐवजी सोसायटीतल्या घरांनी मिळून पोतेच घ्यावे. मुंबई ग्राहक पंचायतीच्या कुटुंबांनी 1975 पासून एकत्र खरेदी करून दाखवली आहे, त्यामुळे हे अशक्य नाही. पोत्याबरोबर कारखान्याचे नाव हाती येते, आणि नाव आले की पत्र लिहिता येते : तुमच्या टोळ्यांना शौचालय आणि पाणी आहे काय, बाईच्या नावाने मजुरी वेगळी मिळते काय, आजारपणाच्या खाड्याला दंड होतो काय, आणि मुलांसाठी साखरशाळा चालते काय. उत्तरे पडताळून पाहण्याची व्यवस्था पुढे उभी करावी लागेल, पण आज विचारणाराच कोणी नाही.

आणि शेवटचे, कारण अध्यक्ष उठून उभे राहिले आहेत. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील, भाऊ किंवा सासरे कोणत्या ना कोणत्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. त्यांना सभेची सूचना येते आणि ती बहुधा न वाचता कपाटावर पडते. या वेळी ती मागून घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरमध्ये असते आणि विषयपत्रिकेच्या तळाशी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हे कलम छापलेले असतेच.