माप आधी, मोजणी नंतर

मित्रहो, गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर एकमेकांना एकच विचारतो: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले? कमरेला की छातीला, एवढे कळले की नदीकाठच्या दुकानदाराला माल हलवायचा की नाही हे ठरवता येते. ही खूण कामाची आहे, कारण मारुती जागचा हलत नाही. तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचा मॉडेल पोर्टफोलिओ, म्हणजे पैसे न गुंतवता केवळ वहीत खरेदी-विक्री नोंदवून चालवलेला संच, निर्देशांकाशी, म्हणजे ठरावीक कंपन्यांच्या शेअरची एकत्रित चढउतार दाखवणाऱ्या आकड्याशी, ताडून पाहतानाही माप आधी ठरवावे लागते आणि मध्येच बदलता येत नाही.

शिवाय मापे दोन लागतात. एक साऱ्या बाजाराचे, उदाहरणार्थ निफ्टी ५०; दुसरे त्या क्षेत्राचे, म्हणजे १० कंपन्यांचा निफ्टी आयटी. समजा, वर्षभरात आपला संच ३० टक्के वाढला, निफ्टी ५० हा १८ टक्के आणि निफ्टी आयटी ३४ टक्के. पहिल्या मापाने आपण १२ अंकांनी पुढे आहोत, पण दुसरे माप सांगते की ही कमाई क्षेत्राच्या तेजीची आहे आणि कंपन्यांच्या निवडीत आपण ४ अंक गमावले आहेत. लासलगावात कांदा तेजीत असताना आपल्या ट्रॉलीला त्या दिवशीच्या सर्वसाधारण दराहून कमी दर मिळाला, तर गेल्या महिन्यापेक्षा जास्त पैसे हाती आले म्हणून आपला माल सरस ठरत नाही.

ताडताना लाभांशाची, म्हणजे कंपनी भागधारकांना वाटते त्या नफ्याच्या वाट्याची, गफलत फार होते. वर्तमानपत्रात छापून येणारा निर्देशांक फक्त किमतींचा असतो, त्यात लाभांश धरलेला नसतो. आपल्या मोठ्या आयटी कंपन्या तर नियमित लाभांश देतात. तो आपल्या बाजूला जमा करून किमतींच्या निर्देशांकाशी तुलना करणे हा अन्याय आहे. म्हणूनच शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना लाभांश धरून काढलेल्या एकूण परतावा निर्देशांकाशी तुलना करणे बंधनकारक केले, आणि वहीतल्या संचालाही तोच नियम लावावा.

मध्येच रक्कम वाढवली तर हिशेब युनिटमध्ये ठेवावा. १ लाख रुपयांची १० रुपयांप्रमाणे १०,००० युनिट मानली आणि संच १ लाख २० हजारांवर गेला, तर युनिट १२ रुपयांचे होते. त्या दिवशी घातलेल्या ६० हजारांची ५,००० युनिट वाढतात, भाव १२ रुपयेच राहतो. हे न करणारा १ लाखाचे १ लाख ८० हजार झाले असे समजून बसतो.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा मुद्दा. पडलेला शेअर वहीतून खोडू नका. मी स्वतः सुरुवातीला असे केले होते, आणि माझा संच दोन वर्षे निर्देशांकाच्या पुढे दिसत राहिला. खोडलेल्या ओळी परत लिहिल्या तेव्हा तो मागे निघाला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या हिशेबातील घोटाळा उघड झाला आणि एकाच दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गेली. ती कंपनी सेन्सेक्स आणि निफ्टी या दोन्हींत होती. तिला पुढे वगळले गेले, पण वगळेपर्यंतचे नुकसान दोन्ही निर्देशांकांनी सोसले. आपल्या वहीनेही ते सोसले पाहिजे.

आरंभाची तारीखही अशीच पक्की हवी. अमेरिकेतील नॅसडॅक कंपोझिट हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला आणि ९ ऑक्टोबर २००२ रोजी १,११४ वर आला. जुना उच्चांक ओलांडायला एप्रिल २०१५ उजाडला. या दोन तारखांपैकी कोणतीही निवडून कोणताही संच शहाणा किंवा मूर्ख ठरवता येतो. त्यामुळे पहिला शेअर नोंदवण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख, दोन्ही निर्देशांकांची नावे, त्या दिवशीचे बंद आकडे आणि दलालीसह प्रत्येक व्यवहाराचा धरायचा खर्च शाईने लिहून ठेवावा.