ब्रिजिड: देवी, संत आणि मोलकरीण

आयर्लंडमध्ये 1 फेब्रुवारी म्हणजे वसंताचा पहिला दिवस. थंडी हटलेली नसते, पण लोक ओल्या माळावरचे लव्हाळे घरी आणतात. ते उपटायचे, कापायचे नाहीत, असा जुना दंडक. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी बसवायची, पाव फेरा फिरवून पुढची काडी घ्यायची. चारही टोकं दोऱ्यानं बांधली की झाला ब्रिजिडचा क्रूस. तो दारावर टांगायचा, म्हणजे घराला आग लागत नाही.

ही ब्रिजिड कोण? सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा एक आयरिश शब्दकोश सांगतो: दग्दा देवाची मुलगी, कवींची देवी. तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. तिघींचं नाव ब्रिजिडच! अर्थ थोर, उन्नत. मूळ धातू संस्कृत 'बृहत्'चाच. म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या पाटीवर हिचं दूरचं नातं रोज दिसतं.

मग आली संत ब्रिजिड, किल्डेअरच्या मठाची संस्थापिका. बाराव्या शतकातला एक प्रवासी लिहितो, तिथला अग्नी एकोणीस जोगिणी पाळीपाळीनं राखत. विसाव्या रात्री पाळी खुद्द ब्रिजिडची. देवीचीच संत झाली, की संत वेगळी होती? अभ्यासक अजून भांडतात. लोकांचं काही अडलं नाही.

नावाची खरी परवड झाली ती अमेरिकेत. एकोणिसाव्या शतकात, आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळानंतर तर लोंढ्यानं, आयरिश मुली बोस्टन-न्यूयॉर्कला धुणीभांडी, स्वयंपाक करायला गेल्या. त्यांत ब्रिजेट, म्हणजे ब्रिजिडच्याच नावाच्या, इतक्या, की मालकिणी कुठल्याही मोलकरणीला सरसकट 'ब्रिजेट' किंवा 'बिडी' म्हणू लागल्या. व्यंगचित्रांतली धांदरट, भांडखोर स्वयंपाकीणही तीच. मग कित्येक ब्रिजेट मुकाट्यानं डेलिया झाल्या, बर्था झाल्या. लेकींना हे नाव ठेवायचं तर सोडाच.

आयर्लंडमध्ये तेच नाव ब्रीद, ब्रीज, ब्रायडी अशा रूपांत टिकलं, पण आजीच्या पिढीचं होऊन बसलं. 2023 पासून मात्र ब्रिजिडच्या नावानं सार्वजनिक सुट्टी मिळते. संत पॅट्रिकला ती कधीचीच होती. बाईच्या नावाची आयर्लंडमधली ही पहिलीच.